योग नाही : शोरूममधल्या कॉटबाईंना अनावृत पत्र

प्रति,
श्रीमती बेबी कॉट (प्रीमियम, कन्व्हर्टिबल, मोतिया पांढरा),
दुसरा मजला, लहान मुलांचा विभाग,
सरकत्या जिन्याच्या उजव्या हाताला, ठाणे.

स. न. वि. वि.

‘घरी विचारून कळवतो’ असं तुमच्याकडच्या टायवाल्या मुलाला सांगून मी जिना उतरलो, त्याला पावणेदोन वर्षं झाली. आमच्यात हे वाक्य दोनच प्रसंगी म्हणतात. मुलगी पाहायला गेल्यावर आणि फर्निचर पाहायला गेल्यावर. अर्थ दोन्हीकडे एकच. तरी कळवतो म्हटलं की कळवावं, ही माझी सार्वजनिक बांधकाम खात्यातली एकतीस वर्षांची सवय आहे. खात्यात पावणेदोन वर्षांत आलेलं उत्तर तातडीचं समजतात, हेही जाता जाता सांगतो.

बाई, तुमच्यात नाव ठेवण्यासारखं वरवर काहीच नव्हतं. वर्ण उजळ, बांधा सडपातळ, चारी खांबांवर कोरलेले मुकुट. घराणं परदेशी आहे असं सांगण्यात आलं. सोबत पाठराखणी म्हणून एक चेंजिंग टेबल, ड्रॉवरचं कपाट आणि बाळाला पाजायला बसायची झुलती खुर्ची. सगळं कुटुंब मिळून अडुसष्ट हजार नऊशे नव्याण्णव. शेवटचा रुपया का सोडला हे विचारायचं राहून गेलं.

पार्श्वभूमी सांगतो. आमच्या लेकीचं पहिलं बाळंतपण, म्हणजे रिवाजाप्रमाणे माहेरी. सातव्या महिन्यात ती पुण्याहून डोंबिवलीला आली ती फोनमध्ये यादी घेऊनच. कॉट, टेबल, कपाट, खुर्ची, कॉटच्या आतून बांधायचा मऊ गाद्यांचा कठडा (त्याला बंपर म्हणतात, हे मला तेव्हा कळलं), वर टांगायचं फिरतं खेळणं, झालर असलेलं छत. आमच्या सौभाग्यवतींनी चष्मा लावून यादी वरपासून खालपर्यंत वाचली आणि म्हणाल्या, “अगं, बाळ यायचंय की भाडेकरू?” शिवाय बाळ यायच्या आधी त्याचं काही आणायचं नसतं, हा आमच्या घरातला नियम. मग ‘नुसतं पाहून येऊ’ अशी तडजोड झाली आणि आम्ही तुमच्या दारी आलो.

तुमच्याकडच्या मुलाने तुमचं कौतुक फार मनापासून केलं. म्हणाला, “सर, ही कॉट बाळाबरोबर वाढते. आधी कॉट, मग छोटा बेड, मग सोफा, मग स्टडी टेबल. दहावीपर्यंत बघायला नको.” आम्ही तर पहिली आंघोळ कोण घालणार यावर भांडत होतो, आणि हा बोर्डाच्या परीक्षेला पोचला होता. मग त्याने तुमची एक बाजू खट्कन खाली सरकवून दाखवली. “आईला वाकावं लागत नाही, सर.” तिथे मी खिशातून टेप काढला.

निवृत्त झालो तरी तीन मीटरचा टेप खिशात असतो. सौभाग्यवतींना याची लाज वाटते. लग्नाच्या हॉलमध्ये मी बोहल्याची उंची मोजली होती, ते त्या अजून विसरलेल्या नाहीत. पण इथे मी गृहपाठ करून आलो होतो. दोन उभ्या पट्ट्यांमधलं अंतर अमेरिकेत 2 3/8 इंचाच्या, म्हणजे सहा सेंटीमीटरच्या वर चालत नाही. युरोपात साडेचार ते साडेसहा सेंटीमीटर. यामागे हिशेब आहे. तान्ह्या मुलाचं धड डोक्यापेक्षा अरुंद असतं. फट मोठी असली की पाय जातात, कंबर जाते, छाती जाते आणि डोकं अडकतं. तुमची फट, बाई, सव्वासात भरली. तीन ठिकाणी मोजली. तो मुलगा म्हणाला, “सर, तेवढं चालतं.” रस्त्याच्या डांबराची जाडी मोजताना कंत्राटदार म्हणायचे, तेच शब्द आणि तोच चेहरा.

आणि ती खट्कन सरकणारी बाजू. खाली-वर होणाऱ्या बाजूच्या कॉट बनवायला आणि विकायला अमेरिकेत जून 2011 पासून बंदी आहे. कडी झिजते, स्क्रू ढिला होतो, बाजू एका टोकाला सुटते आणि गादी व कठडा यांच्यामध्ये बाळ घसरेल एवढी चीर पडते. तिकडे यात मुलं दगावली, म्हणून कायदा झाला. तो मुलगा मात्र ती बाजू दर गिऱ्हाइकासमोर खट्खट करून दाखवत होता, म्हणजे दिवसाला पन्नासदा तरी झिजवत होता. खांबांवरच्या मुकुटांचंही तेच. उभं राहायला लागलेल्या पोराच्या गळ्यात काळा दोरा असतोच आमच्याकडे. तो कोरीव टोकात अडकला आणि पाय घसरला तर काय होईल, ते लिहीत नाही. तिकडच्या नियमात कोपऱ्याचा खांब जवळजवळ कठड्याइतकाच सपाट लागतो. तुमचे मुकुट तीन इंच वर होते.

“बंपर फ्री आहे, सर,” ही त्याची शेवटची ऑफर. आत बांधायच्या त्या गुबगुबीत कठड्यांवर 2022 साली अमेरिकेने कायद्यानेच बंदी आणली, कारण बाळाचं नाक त्यात खुपसलं गेलं तर त्याला तोंड फिरवता येत नाही. फुकट दिल्याने ते कमी गुबगुबीत होत नाही. मी ‘घरी विचारून कळवतो’ म्हणालो ते या ठिकाणी.

जिना उतरताना लेक म्हणाली, “बाबा, तुम्ही काय बिल पास करायला आला होतात का?”

मी उत्तर दिलं नाही, कारण मनात दुसरा हिशेब चालला होता. आमची बेडरूम दहा बाय दहा. डबलबेड आणि लोखंडी कपाट वजा जाता पंचावन्न चौरस फूट उरतात, त्यात दार उघडायला जागा हवी. तुम्ही आणि तुमच्या पाठराखण्या मिळून सव्वीस फूट अडवणार. आमच्या इमारतीत चौरस फुटाला आठ हजार धरले, तर तुम्हाला नुसतं उभं राहायला दोन लाख आठ हजारांची जागा लागते. अडुसष्ट हजारांच्या पाहुण्यांना दोन लाखांची खोली! बाळाला स्वतंत्र खोली हवी, असं कॅटलॉगमध्ये गुलाबी अक्षरांत छापलेलं होतं. अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ मात्र सांगतात की पहिले सहा महिने तरी बाळ आईबापाच्याच खोलीत हवं, फक्त अंथरूण वेगळं. आम्ही डोंबिवलीकर हा सल्ला कार्पेट एरियामुळे कित्येक पिढ्या पाळत आलोय.

आता तुम्हाला वाटेल, म्हातारा जुन्याचा अभिमानी दिसतोय. तसं नाही. आमच्या माळ्यावर सौभाग्यवतींच्या माहेरचा, सावंतवाडीकडचा रंगीत पाळणा आहे. पितळी साखळ्या, टोकाला लाकडी पोपट. लेक त्यातच वाढली. तुम्हाला नापसंत केल्यावर घरात सगळ्यांच्या नजरा त्याच्याकडे वळल्या. मी शिडी लावून उतरवला, टेप लावला. बाजूच्या गजांमधली फट जवळजवळ तीन इंच! तुमच्यापेक्षा वाईट. आणि 1993 साली मी स्वतः, हौसेने, त्याला तैलरंगाचे दोन हात दिले होते. घरगुती रंगात शिसं दहा लाखांत नव्वद भागांच्या वर नसावं, हा नियम आपल्याकडे 2017 साली लागू झाला. तेव्हाच्या डब्यात किती होतं, देव जाणे. लेकीला दात येत असताना ती त्या पाळण्याची कड कुरतडायची, आणि आम्ही कौतुकाने फोटो काढायचो. तो फोटो अल्बममध्ये आहे. मी हल्ली ते पान उघडत नाही.

पाळण्याला बारशापुरतं बोलावलं. मांडववाल्याचा स्टँड, झेंडूच्या माळा. रीतीप्रमाणे आधी टोपडं घातलेला वरवंटा त्यात झोपला, मग दुपट्यात गुंडाळलेली नात. तासाभराने दोघं बाहेर आली आणि पाळणा परत माळ्यावर गेला.

मग बाळ झोपलं कशात? तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींच्या नातवाची कॉट त्यांच्या गॅलरीत घडी करून उभी होती. रबराच्या झाडाचं साधं लाकूड, बाजू चारही पक्क्या, मुकुट नाहीत, चाकं नाहीत, सोफा होण्याची महत्त्वाकांक्षा नाही. किंमत अडीच हजार ठरली, त्यावर सौभाग्यवतींनी डब्यातून डिंकाचे लाडू पाठवले. मी कॉट जमिनीवर मांडून तीन संध्याकाळी तपासली. फट साडेपाच सेंटीमीटर. तळ दोन उंचींवर बसतो, म्हणजे बाळ बसायला लागलं की खाली घ्यायचा. बोल्ट बारा. त्यातल्या एकाचे आटे गेले होते. स्टेशनजवळच्या हार्डवेअरवाल्याकडे जुना बोल्ट नेऊन तसाच नवा आणला, आठ रुपये. सगळे आवळून मग कॉट कोपऱ्यात धरून जोरात हलवली. कुरकुरली नाही.

गादी मात्र जुनी घेतली नाही. इथल्या गादीवाल्याला एकशेवीस बाय साठ सेंटीमीटर, चार इंच, काथ्याची, घट्ट, असं कागदावर लिहून दिलं. तो कळवळला. “तान्ह्यासाठी ना काका? वर थोडा फोम टाकतो, मऊ लागेल.” त्याला म्हटलं, मऊच नको आहे. आली तेव्हा गादी आणि कठडा यांच्यामध्ये बोटं घालून पाहिली. दोन बोटंसुद्धा नीट जात नव्हती. चौदाशे रुपये. सगळा खर्च तीन हजार नऊशे आठ, बिलं फाइलला लावली आहेत.

घरातली खरी लढाई त्यानंतर झाली आणि ती फर्निचरवरून नव्हती. सौभाग्यवतींनी दुपट्याच्या कापडाची मोहरीची उशी शिवून ठेवली होती. डोकं गोल व्हावं म्हणून, त्यांच्या आईने केली होती तशी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पाठीवर झोपवायचं, उशी नाही, गोधडी नाही, खेळणी नाहीत. कॉटमध्ये फक्त बाळ. “मग ते उघडं पडेल ना!” “अंगभर कपडा घाला.” दोन दिवस घरात कोणी कोणाशी धड बोललं नाही. तिसऱ्या दिवशी आमटीला फोडणी बसली तेव्हा मोहरी नेहमीपेक्षा जास्त तडतडली, आणि डब्यातली पातळी चांगलीच वर आलेली मला दिसली. मी काही बोललो नाही. सेवानिवृत्तीनंतर माणूस एवढं शिकतो.

चेंजिंग टेबलाचंही सांगतो. आमच्याकडे ते आधीपासूनच होतं. न्हाणीघरात पाटावर बसून सौभाग्यवती पाय लांब करायच्या, नडगीवर बाळ पालथं, टाचांकडे डोकं. एका हाताने तेल आणि डाळीचं पीठ, दुसऱ्याने पाणी, आणि मधूनमधून बाळाशी अशा काही गप्पा की बाहेर टॉवेल घेऊन उभा राहिलेल्या मला वाटायचं आत तिसरं माणूस आहे. या टेबलाला ड्रॉवर नाही. दुपटी बदलणं पलंगावर मेणकापड टाकून होत होतं. आणि झुलत्या खुर्चीऐवजी लेक भिंतीला टेकून, मांडीखाली उशी घेऊन बसायची. डॉक्टरीणबाईंनी तक्रार केली नाही. ड्रॉवरचं कपाट मात्र आम्ही नंतर घेतलं, उल्हासनगरच्या फर्निचर बाजारातून, आणि पहिल्याच दिवशी भिंतीला क्लॅम्पने ठोकलं. मुलं ड्रॉवर ओढून त्यांची पायरी करतात आणि कपाट अंगावर घेतात.

तुमचा अपमान होऊ नये म्हणून एक गोष्ट सांगून संपवतो. फिनलंडमध्ये 1938 पासून गरीब आयांना सरकार एक खोका देऊ लागलं, 1949 पासून सगळ्याच आयांना. आत बाळाचे कपडे, आणि तळाशी लहानशी गादी. कपडे बाहेर काढले की त्या पुठ्ठ्याच्या खोक्यातच बाळ झोपायचं. त्या देशात बंगलेवाल्यांची मुलंही पहिले काही महिने अशी पुठ्ठ्यात झोपली, बाई. मुकुट नसताना.

तेव्हा योग नाही. पत्रिका जुळत नाही असं लिहायची पद्धत आहे, पण तुमची पत्रिका मी स्वतः टेपने मोजली होती, त्यामुळे खोटं लिहवत नाही. आपल्या पाठराखण्यांना नमस्कार. टायवाल्या मुलाला आशीर्वाद. त्याचं लग्न झालं असेल एव्हाना.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक निवृत्त उपअभियंता, डोंबिवली पूर्व

ता. क. : नात आता एकोणीस महिन्यांची आहे. गेल्या आठवड्यात पुण्यात तिने कठड्यावरून एक पाय बाहेर टाकला, त्याच रात्री लेकीने कॉट खोलून ठेवली आणि जावईबापू ती गाडीच्या मागच्या सीटवर घालून इकडे देऊन गेले. सध्या आमच्या जिन्याखाली उभी आहे. बारा बोल्ट आणि ॲलन की श्रीखंडाच्या डब्यात, झाकणाला चिकटपट्टी लावून. हे पत्र ज्यांच्या हाती पडेल त्यांच्यापैकी कोणाच्या घरी पाळणा हलणार असेल, तर पैसे द्यायचे नाहीत, येऊन घेऊन जा. येताना टेप आणा, माझ्या मापावर विसंबू नका. गादी मात्र नवी करून घ्या.