किती खपला?

रसमड्यासारख्या औद्योगिक वसाहतीत राहणाऱ्या माणसाला यश टनांत मोजायची खोड लागते. गाडी धरमकाट्यावर चढली, पावती फाडली, की वाद मिटला. त्यामुळे रोल-प्लेइंग गेम चालला की पडला, हे ठरवणं सोपं असेल असं मी धरून चाललो होतो.

२०२४ च्या अखेरीस आलेला 'ड्रॅगन एज : द व्हेलगार्ड' घ्या. त्या तिमाहीत सुमारे १५ लाख लोक तो खेळले. मी म्हटलं, वा! पण तो बाजारात आणणारी इलेक्ट्रॉनिक आर्ट्स कंपनी म्हणाली, अपेक्षेच्या जवळपास निम्मेच. शिवाय हा आकडा खेळणाऱ्यांचा, विकत घेणाऱ्यांचा नव्हे. गल्ल्यात किती पडले ते त्यावरून कळतच नाही. उलट 'सायबरपंक २०७७' डिसेंबर २०२० मध्ये आला तो इतका अडखळत, की सोनीने तो आपल्या ऑनलाइन दुकानातून काढून टाकला, पैसे परत द्यायला सुरुवात केली. तरी २० डिसेंबरपर्यंत १ कोटी ३० लाख प्रती गेल्या होत्या! माल परत येतोय आणि खप वाढतोय, असा ताळेबंद आमच्या औद्योगिक वसाहतीत कुणी मांडला असता तर ऑडिटरने पाणी मागितलं असतं.

भाच्याला विचारलं, "तुझा गेम कितीचा?"

"सेलमध्ये घेतला, मामा. नव्वद टक्के सूट."

म्हणजे पहिल्या दिवशी पूर्ण किंमत मोजणारा आणि हा, दोघांची प्रत एकेकच. काटा असा असेल तर वजन कशाचं करायचं?

माझ्यापुरता मी एक निकष ठरवलाय : आलेल्या पैशांत त्याच मंडळींचा पुढचा गेम निघतो का? 'राजी' काढणाऱ्या पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा तर पहिलाच गेम निघतो की नाही अशी गत होती. २०१७ मध्ये किकस्टार्टरवर मागितलेली लोकवर्गणी पुरी जमली नाही. तरी २०२० मध्ये गेम आला. तो काटेकोर रोल-प्लेइंग नव्हे, पण राजी नावाची मुलगी, देव आणि असुर त्यात आहेत. त्याच वर्षी 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये पदार्पणाच्या गेमसाठी नामांकनही मिळालं. बक्षीस मात्र 'फॅस्मोफोबिया' या भुतं शोधायच्या गेमने नेलं. दिवे गेल्यावर पुराणापेक्षा भुताची गोष्ट जास्त चालते, हे आमच्या आजीला कुठलाही गेम न खेळता ठाऊक होतं.