चिबडातले खातेदार

करकंबला तलाठीअण्णा भेटायला हवे असतील तर घरी जाऊ नका. कालव्याच्या पाझरानं चिबड झालेल्या रानाकडं वळा. १९८० साली उजनीचं धरण पुरं झालं, मग कालव्यांनी पाणी आलं, पाण्यामागं ऊस आला आणि उसामागून हे चिबड. रानमालक कपाळाला हात लावून बसला. निवृत्त अण्णा मात्र त्याच बांधावर पोतं टाकून, मांडीवर वही घेऊन बसलेले. सातबाऱ्यावर हे रान पड आहे. अण्णांच्या वहीत तिथं खातेदार आहेत आणि सगळे पंखवाले.

नोकरीत असताना अण्णा पीकपाहणी चावडीतल्या खुर्चीवरूनच उरकत, असं गाव म्हणतं. ज्वारीच्या रानात ऊस, उसाच्या रानात हरभरा त्यांनी बसल्या जागी पिकवला. आता मात्र काटेकोर. लाल काटकुळ्या पायांच्या शेकाट्यानं पाण्यावरचे किडे किती टिपले, कितींदा चोच रिकामी आली, सगळी नोंद जागेवर. खाडाखोड नाही, 'अंदाजे' नाही.

खात्याची नजर तेवढी गेली नाही. ढोकरी काठावर मान आखडून निश्चल बसते, मासा टप्प्यात आला की झडप. अण्णा हळूच म्हणतात, "ही आपल्या हाफिसातली. बसल्यावानी दिसती, पर ध्यान समदं टेबलाखाली." लहान बगळ्यावर त्यांचा राग. काळ्या पायांची पिवळी बोटं चिखलात थरथरवून तो दडलेले मासे उठवतो. "दमदाटीची वसुली ही!" चमचा सपाट चोच पाण्यात बुडवून मान डावी-उजवी फिरवत पुढं सरकतो, म्हणून तो मोजणीवाला. चित्रबलाक अर्धवट उघडी चोच गढूळ पाण्यात धरून चालतो आणि काही लागलं की ती फटकन मिटतो. डोळ्यांचं कामच नाही. "कागद न बघता सही!" हे बोलताना अण्णांचा सूर जरा हळवा होतो.

पण खरा मान मुग्धबलाकाला. त्याची चोच मिटली तरी मधे फट राहते. पिलांना ती नसते, मोठेपणी येते. गोगलगाय धरायची, खालच्या चोचीचं टोक आत घालायचं, मांस सोडवायचं. शंख बहुधा फुटतच नाही. "ऐवज गायब आन कुलूप शाबूत. पंचनाम्यात काय लिवशीला?"

एकदा पोरं म्हणाली, "अण्णा, रोहित बघाय भिगवणला चला." अण्णांनी चष्म्यावरून पाहिलं. "ते माझ्या सज्जात येत न्हाई."

चितमपल्लींचा 'पक्षिकोश' ते १९६६ च्या जमीन महसूल संहितेसारखा जवळ बाळगतात. सोलापूरचाच माणूस, त्यामुळं त्यावर अपील नाही. काकूंनी पाठवलेली भाकरी एकदा कुत्र्यानं त्यांच्या शेजारून उचलून नेली. त्याची नोंद नाही, कारण कुत्रं पाणपक्षी नाही. संध्याकाळी काकूंनी "जेवलात का?" विचारलं, तर अण्णांनी वही चाळून पाहिली.

बघायचं असेल तर थंडीत, उन्हं चढायच्या आत जा. आपला डबा घेऊन जा, पण अण्णांसमोर उघडू नका. तुम्ही कसे खाता तेही ते लिहून ठेवतील.