न्यूट्रलमधलं विमान

बीडला रेल्वे आली १७ सप्टेंबर २०२५ रोजी. मार्गाला मंजुरी १९९५ची. रूळ नगरहून एकेक करून डोक्यावर आणले असते तरी लवकर पोचले असते. आम्ही लिंबागणेशचे चार मित्र, म्हणजे मेकॅनिक, फौजी, मास्तर आणि मी, मात्र रेल्वेची वाट न बघता २०१६ सालीच विमानात बसून आलो. त्या विमानाला इंजिन नव्हतं, ही गोष्ट वेगळी. मराठवाड्याच्या वाट्याला येतं त्यात काहीतरी कमी असणारच.

तसं आमच्या गावाचं आभाळाशी जुनं नातं आहे. गणपतीला हसून शाप ओढवून घेतलेल्या चंद्रानं इथं तप केलं, म्हणून आमचा देव भालचंद्र आणि तीर्थ चंद्रपुष्करिणी. खुद्द चंद्र गावात येऊन गेल्यावर वर जायची घाई कुणाला? आम्ही आभाळाकडं बघायचो ते फक्त पावसासाठी, आणि बहुतेक वेळा चिडून.

मग २०१५च्या दुष्काळात औरंगाबादहून पाऊस पाडणारं विमान उडू लागलं. पंखांना नळकांड्या लावायच्या, त्या ढगात पेटवायच्या, पाऊस पाडायचा. अडचण एकच, त्याला आधी ढग लागतो. विमान वर ढग शोधत हिंडायचं आणि आम्ही खाली विमान शोधत हिंडायचो. "कामून एवढं फिरतंय ते?" फौजी म्हणाला. "आमाला इचारलं असतं तर फुकट सांगितलं असतं, ढग न्हाई म्हणून."

मेकॅनिकचं लक्ष मात्र पावसाकडं नव्हतंच. ते छोटं यंत्र त्याच्या डोक्यात बसलं. त्यातच फेब्रुवारी २०१६मध्ये पेपरात फोटो आला. अमोल यादव या वैमानिकानं कांदिवलीत घराच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधून 'मेक इन इंडिया'च्या प्रदर्शनात मांडलं होतं. मेकॅनिकनं आधी फोटो पाहिला, मग स्वतःच्या घराचं माळवद. आई चुलीपासूनच म्हणाली, "तिथं माझ्या कुरडया वाळत्यात." आमचा विमान कारखाना तिथंच बंद पडला.

त्याचं तोंड पडलेलं बघून मास्तरांनी पारावर गोष्ट सांगितली. १९२९ साली आगाखानांनी बक्षीस लावलं, इंग्लंड ते भारत एकट्यानं उडायचं, कुठल्याही बाजूनं. १९३०मध्ये जे. आर. डी. टाटा इकडून निघाले, अस्पी इंजिनिअर तिकडून. इजिप्तमध्ये अबुकीरला अस्पी प्लगसाठी अडकलेले. जे. आर. डीं.नी जवळचे जादा प्लग त्यांना देऊन टाकले आणि शर्यत थोडक्यात हरले. मेकॅनिकचे डोळे भरून आले. "आन् ह्या फौजीनं नेलेला माझा जॅक दोन वर्सं झाली, परत न्हाई."

शेवटी मास्तरांनीच हडपसरचं ग्लायडिंग सेंटर शोधून काढलं. मार्चमधल्या एका पहाटे आम्ही जीप काढली. ग्लायडर मैदानात एक पंख जमिनीला टेकवून बसलेलं होतं, दमून बसलेल्या बैलासारखं. मेकॅनिकनं त्याला तीन फेऱ्या मारल्या, वाकून पोट बघितलं आणि हळू आवाजात विचारलं, "बॉनेट कुठंय?" इंजिन नाही म्हटल्यावर फौजीनं आपली पाळी शेवटची लावून घेतली. मेकॅनिक मात्र खुलला. मांजरसुंब्याचा घाट उतरताना डिझेल वाचवायला जीप न्यूट्रल करण्यात त्याची हयात गेली होती (ब्रेकचं काय, हे विचारायचं नाही). "मंजी आपलाच धंदा हाय ह्यो," तो म्हणाला.

काचेवर बाहेरून लोकरीचा एक धागा चिकटवलेला. मास्तरांना वाटलं नजर लागू नये म्हणून. शिकवणारे साहेब हसले. विमान तिरकं घसरायला लागलं की तो धागा बाजूला वळतो; सरळ राहिला की सगळं ठीक. एवढ्या यंत्रात मला पूर्ण समजलेली ती एकच गोष्ट, म्हणून मी वर गेल्यावर तेवढंच बघत बसलो.

मैदानाच्या दुसऱ्या टोकाला विंच, म्हणजे तारेचा मोठा रहाट. एक माणूस पंख धरून चार पावलं पळाला, तार ताणली गेली आणि पुढच्या क्षणी माझे पाय डोक्याच्या वर होते. पतंगाला काय वाटत असेल ते मला त्या दिवशी कळलं. मग खट् आवाज झाला, तार सुटली, नाक खाली आलं आणि एकदम शांतता. फक्त वारा. मागच्या सीटवरून साहेब म्हणाले, "घार दिसते का बघा."

तापलेल्या जमिनीवरून गरम हवा वर चढते, घार तिच्यावर पंख न हलवता गिरक्या घेते, ग्लायडर तिची नक्कल करतं. वावटळ आम्ही जन्मभर पाहिली. ती जिना आहे हे कुणी सांगितलं नव्हतं. आम्हाला त्या दिवशी जिना सापडला नाही. चार-पाच मिनिटांत खाली.

खाली उतरल्यावर साहेबांनी मास्तरांना हे सगळं पुन्हा समजावलं, की नांगरलेलं रान, काळी माती, कडक ऊन असलं की फार छान. फौजी, ज्याला उतरल्यापासून प्रथमच कंठ फुटला होता, म्हणाला, "मग आमच्याकडं या साहेब. एप्रिलात लिंबागणेशला सायकल बी उडंल."

रात्री उशिरा गावात पोचलो. पारावर टँकरची वाट बघत घागरींची रांग लागलेली. मेकॅनिक हात पसरून गिरकी दाखवत होता, फौजी त्याला दुरुस्त करत होता. रांगेतल्या एका आजीनं सगळं ऐकून घेतलं आणि घागर एक हात पुढं सरकवली.

"वर गेलाच व्हता," ती म्हणाली, "तर ढगाचं काय ते इचारून यायचं की रं."