डावीकडून तिसरं

कुठलं बटण कशाचं, ही माहिती जुन्या घरात कागदावर नसते; ती एखाद्या माणसाच्या बोटांत असते. आमच्या तुंगार्लीच्या बंगल्यात ती आत्याच्या बोटांत आहे. हातात चहाचा ट्रे, तोंड दुसरीकडे, तरी कोपराने ती नेमका हवा तो दिवा लावते. आम्ही बाकीचे हॉलमधल्या लांबलचक बोर्डापुढे नशीब आजमावतो आणि आतून आवाज येतो, “डावीकडून तिसरं दाबू नकोस रे!” दाबलं तर काय होतं, हे विचारायची आमच्या घरात पद्धत नाही.

हिंजवडीत नोकरी करणाऱ्या भाच्याने हे घर स्मार्ट करायचं ठरवलं. पुण्यात बसून लोणावळ्याचा दिवा लावता आला पाहिजे, असं त्याचं म्हणणं. पुण्यात बसलेल्याला लोणावळ्यातला उजेड काय कामाचा, हा आत्याचा प्रश्न. त्याला उत्तर मिळालं नाही, कारण तोवर खोकी उघडली होती. होम असिस्टंट नावाची एक फुकट प्रणाली आहे. एका डच माणसाने 2013 मध्ये सुरू केली आणि आता जगभरचे हौशी लोक ती वाढवत असतात. ती एका लहानशा डबीत बसवली की वेगवेगळ्या कंपन्यांचे दिवे एकमेकांशी बोलायला लागतात. आमच्या घराण्यात माणसांनाही हे साधलेलं नसल्याने मला उत्सुकता होती.

“पण मामा, आधी डॉक्युमेंटेशन,” भाचा म्हणाला. माझं अक्षर बरं, म्हणून वही माझ्या गळ्यात पडली.

एकाने बटण दाबायचं, दुसऱ्याने घरभर धावत “लागला!”, “गेला!” असं ओरडायचं. डावीकडून तिसरं दाबलं तेव्हा कुठूनच हाक आली नाही. मी ‘निकामी’ असं लिहायला घेतलं, तेवढ्यात घराची देखभाल करणाऱ्या मावशी मागच्या खोलीतून तरातरा आल्या. “मिक्सर कुणी बंद केला? चटणी अर्धीच राहिली!”

मग कामशेतहून वायरमन आले. या बंगल्याची वायरिंग त्यांचीच. लाल वायर फेजची, काळी न्यूट्रलची, हे पुस्तकातलं. आमच्याकडे अर्ध्या घरात फेज पिवळा आहे, कारण त्या दिवशी लाल वायर संपली होती. “वायरीला रंग कशाला विचारायचा? टेस्टर लावायचा,” असं ते शांतपणे म्हणाले. खरी अडचण जिन्यात निघाली. स्मार्ट बटणाच्या पोटात इलेक्ट्रॉनिक्स असतं, दिवा बंद असला तरी त्याला स्वतःला थोडी वीज लागते आणि त्यासाठी न्यूट्रल लागतो. ज्या बोर्डावर प्लग आहे तिथे तो सापडतो. जिन्यातल्या एकट्या बटणाकडे मात्र नुसता फेज येतो आणि दिव्याकडे निघून जातो. न्यूट्रलशिवाय चालणारं बटण बसवलं, तर ते आपली भूक दिव्यातूनच भागवू लागलं आणि बंद केलेला एलईडी रात्रभर मिणमिणत राहिला. लोणावळ्यातला जुना बंगला, धुकं, जिना आणि बंद करूनही न विझणारा दिवा! मावशींनी दुसऱ्याच दिवशी नारळ फोडला. वायरमननी दिव्याला समांतर छोटासा कपॅसिटर जोडला. दोन्हींपैकी कशाने तरी गुण आला.

नंतर नकाशा. भाच्याने सगळ्यात वर ‘मीटर’ असा चौकोन काढला. आत्या म्हणाली, “मीटरमध्ये वीज कुठून येते? धरण काढ.” तिचाही मुद्दा होता. वळवणचं धरण आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. त्याचं पाणी नळांतून घाटाखाली पाचशे मीटर उतरतं आणि खोपोलीला 1915 पासून त्याची वीज होते, ती मुळात मुंबईच्या गिरण्यांसाठी. ज्यांच्या डोक्यातून हे निघालं ते जमशेटजी टाटा 1904 मध्येच वारले, त्यांना यातलं काही पाहायला मिळालं नाही. भाच्याने ग्रिड समजावून सांगितलं, आपली वीज थेट या धरणातली नसते म्हणाला. आत्याने सगळं ऐकून घेतलं आणि निळ्या पेनाने धरण काढलं. माझ्या मते अख्ख्या वहीतलं तेच चित्र समजण्यासारखं आहे.

नावांवरूनही बरंच झालं. प्रणालीला प्रत्येक दिव्याचं वेगळं नाव लागतं. भाच्याची ‘हॉल 1’, ‘हॉल 2’ ही नावं आत्याने एका झटक्यात खोडली. आता वहीत आणि संगणकात चोराचा दिवा आहे, पेपरचा आहे, भाजी निवडायचा आहे, आणि ‘दादांच्या खुर्चीवरचा’ही आहे. दादा नाहीत, खुर्चीही नाही. तोंडी आज्ञा ऐकणारा डबा मात्र आत्याकडून चालेना. त्याला आधी नावाने हाक मारावी लागते आणि परक्याला एकदम नावाने हाक मारणं तिला जमेना. “अहो, जरा चोराचा लावता का?” असं ती अदबीने विचारायची. डबा गप्प.

लाईट जाऊन आल्यावर काय करायचं, हेही या दिव्यांना शिकवावं लागतं. न शिकवल्यास पहाटे तीनला तारेवरची फांदी बाजूला होऊन वीज आली, की सगळा बंगला लग्नघरासारखा उजळतो. ते एका रात्रीत शिकवून झालं.

जुलैने मात्र हात टेकायला लावले. बाहेरचे दिवे सूर्यास्ताला लावायचे, असा नियम होता. अक्षांश-रेखांशावरून सूर्यास्ताची वेळ मिनिटासकट निघते, सव्वासातच्या सुमाराची, अगदी अचूक. पण जूनपासून आमच्याकडे सूर्योदयच झालेला नव्हता. दुपारी तीनला धुकं दिवाणखान्यात येऊन बसतं, समोरची पायरी दिसत नाही, आणि प्रणालीच्या मते लख्ख ऊन. उजेड मोजणारा सेन्सर गच्चीवर लावला, तर त्याच्यावर शेवाळ चढलं आणि त्याच्या लेखी कायमची रात्र झाली.

शेवटी भाच्याने स्वयंपाकघराच्या दाराशी एक बॅटरीवरचं बटण चिकटवलं. समोरचं दिसेनासं झालं की मावशींनी ते दाबायचं. वहीत नियम लिहिला: ‘सूर्यास्त किंवा मावशी, जे आधी होईल ते.’ बटणाला नावही ‘मावशी’च दिलं.

परवा भरपावसात भाच्याचा घाबराघुबरा फोन आला. बटण त्याचं त्यानेच बसवलेलं, पण ऑफिसच्या गडबडीत विसरला होता. मोबाइलवर सूचना आली होती: ‘मावशी अतिशय क्षीण. तातडीने बदला.’ फोन नेमका मावशींनीच उचलला. त्यांनी सूचना त्याच्याकडून दोनदा वाचून घेतली.

“क्षीण असेन बाबा, पण बदला म्हणजे काय?”