हेतू लिहा, सही करा

ठाण्यातल्या बाळकुम नाक्यावरच्या एखाद्या मोबाइल दुरुस्तीच्या गाळ्यात कुणी गेमचा कन्सोल उघडून चोरीचे गेम चालवणारी चिप बसवून देत असेल, तर त्याने आधी एक वही ठेवावी. थट्टा नाही, कायदा आहे. कॉपीराइट कायद्यात २०१२ साली आलेलं ६५अ कलम म्हणतं, डिजिटल कुलूप हक्कभंगाच्या इराद्याने तोडलं तर गुन्हा. दोन वर्षांपर्यंत कैद, वर दंड. इरादा सरळ असेल तर वाचलात. मात्र कुलूप तोडायला मदत करणाऱ्याने गिऱ्हाइकाचं नाव, पत्ता आणि हेतू लिहून ठेवायचा. हेतूच्या रकान्यात काय येणार? ‘फुकट फुटबॉल’? छे, सगळे ‘शैक्षणिक’ लिहून सही ठोकतील!

तरी आपलं कलम अमेरिकेपेक्षा शहाणं. तिथे १९९८च्या कायद्याने कुलपाला हात लावणंच मुळात बेकायदा, सवलती दर तीन वर्षांनी मागून घ्यायच्या. निन्टेन्डो या गेम कंपनीची कुलपं तोडणाऱ्या टोळीतल्या गॅरी बाउझरला २०२२मध्ये ४० महिन्यांची कैद झाली, शिवाय कंपनीचे एकूण १ कोटी ४५ लाख डॉलर अंगावर. (मारिओच्या खलनायकाचं नावही बाउझरच. नशीब!) हीच कंपनी आपला स्विच कन्सोल भारतात अधिकृतपणे विकत नाही, पण २०२५मध्ये अमेरिकी गिऱ्हाइकांच्या करारात तिने लिहिलं, छेडछाड केलीत तर यंत्र कायमचं निकामी करू.

बाळकुमच्या टॉवरवाल्यांना यात नवल वाटू नये. पैसे पूर्ण भरले, चावी मिळाली, आणि कन्व्हेयन्सचं, म्हणजे जमीन-इमारत सोसायटीच्या नावे करण्याचं, नाव काढलं की बिल्डर फोन उचलत नाही. गेमचंही तेच. दुकान म्हणतं ‘खरेदी करा’, हातात पडतो नुसता परवाना. युबिसॉफ्टने आपल्या ‘द क्रू’ या गेमचे सर्व्हर ३१ मार्च २०२४ला बंद केले आणि पैसे मोजलेले लोकही बाहेर. सोसायटीला निदान डीम्ड कन्व्हेयन्ससाठी जिल्हा उपनिबंधकाचं दार ठोठावता येतं. गेमवाल्याने कुणाकडे जायचं?

म्हणून चोरी माफ होत नाही. ४,९९९ रुपयांचा गेम परवडत नाही, हे कॉलेजातल्या पोराने म्हणावं. दोन-दोन पार्किंग घेणाऱ्या त्याच्या बापाने नव्हे. आणि कायदा खरंच राबवायचा, तर पोराच्या कन्सोलपासून कशाला सुरुवात? ६३ब कलमात, चोरीचं सॉफ्टवेअर जाणूनबुजून कॉम्प्युटरवर चालवलं तर किमान सात दिवस आत. धंद्यासाठी नसेल तरच कोर्ट कैद टाळू शकतं. नेत्यांचे वाढदिवसाचे बॅनर बनवणाऱ्या डीटीपीवाल्यांचा तर हा धंदाच. उद्या कुणी त्यांच्या कोरलड्रॉ सॉफ्टवेअरचं बिल मागितलं, तर ऐन वाढदिवसाच्या हंगामात सगळे ‘भावी नगरसेवक’ जामिनासाठी धावतील. स्वतःच्या नव्हे, डीटीपीवाल्याच्या!