मा. बोकोबा यांस अनावृत पत्र

प्रति,
मा. बोकोबा,
कुंपणापलीकडचं घर, लेस्टर.

विषय : हेजहॉगच्या बशीवर आपण रोज रात्री मारत असलेला ताव.

स. न. वि. वि.

आपलं जेवण संध्याकाळी घरी होतं. मग समोरच्या आजोबांकडे चिकन, मग कोपऱ्यावरच्या घरी उरलासुरला ट्यूना. एवढं रिचवून अंधार पडल्यावर आपण आमच्या परसात अवतरता आणि हेजहॉगसाठी ठेवलेली बशी चाटूनपुसून लख्ख करता. आपल्या पचनशक्तीला माझा नमस्कार.

आपली बाजू मीच आधी मांडते, कारण ती भक्कम आहे. हेजहॉगला मांसाचं प्रमाण भरपूर असलेलं कुत्र्या-मांजराचं खाणं घालावं, असं इथले जाणकार सांगतात. त्यामुळे मी आणते तो डबा मुळात मांजराच्या खाण्याचा, आणि वर फोटो आपल्यासारख्याच एका घाऱ्या डोळ्यांच्या गृहस्थांचा. कोर्टात गेले तर पहिल्याच तारखेला हरेन. हद्दीचं म्हणाल तर मांजर परक्याच्या बागेत शिरलं म्हणून इथला कायदा मालकाला जाब विचारत नाही. शिवाय जून २०२४पासून इंग्लंडमध्ये पाळीव मांजराला चिप सक्तीची झाल्याने आपली कागदपत्रंही चोख. आपल्या दाराची झडप तर ती चिप वाचून फक्त आपल्यालाच उघडते. आपण सोडून बाकी सगळ्यांना उघडेल असं दार मी शोधते आहे.

ते सापडता सापडेना. स्वेटर ठेवायचा मोठा प्लॅस्टिकचा खोका उपडा घातला, त्याला १३ बाय १३ सेंटीमीटरचं भोक पाडलं, कापलेल्या कडांना चिकटपट्टी लावली. आपण खांद्यापर्यंत हात आत घालून बशी अशी अलगद ओढून घेतलीत की तळाशी एक बिस्कीटही हललं नाही. मग बशी पार मागच्या भिंतीला लावली, तर आपण डोकं आत घातलंत आणि उरलेला देह निमूट मागून गेला. आता आत विटांची आडभिंत आहे, म्हणजे आत शिरल्यावर लगेच वळावं लागतं. बुटक्याला ते जमतं, आपल्या लांबलचक पाठीला जमत नाही. भोकाचं तोंडही घराच्या भिंतीकडे, मध्ये वीतभर फट ठेवून. खोका उलटू नये म्हणून वर दगड ठेवला आहे. हल्ली आपली बैठक त्या दगडावर असते.

पलीकडच्या एक मायाळू बाई हेजहॉगसाठी पावाचा दुधात काला ठेवतात. दुधाने त्याचं पोट बिघडतं, आणि खरं तर आपल्यासारख्या बऱ्याच प्रौढ बोक्यांनाही ते पचत नाही. पण बाईंना सांगणार कोण? ती वाटी आपण आणि त्याने, दोघांनीही टाळावी.

आता माझ्या अशिलाविषयी, म्हणजे हेजहॉगविषयी. तो सद्गृहस्थ नाही. मचमच आवाज करत जेवतो आणि बऱ्याचदा बशीतच घाण करून जातो. आपल्याला तो भीतही नाही. परवा आपण बशीशी असताना तो आला, कपाळावरचे काटे पुढे ओढले आणि मान खाली घालून सरळ आपल्या बरगडीत घुसला. आपण मिशा पुसत उठलात, जणू उठायचंच होतं.

पण २०२० साली ब्रिटनमधल्या सस्तन प्राण्यांच्या लाल यादीत त्याचं नाव ‘असुरक्षित’ म्हणून लागलं. थंडीची झोप लागण्याआधी अंगावर चरबी चढली नाही, तर त्याला वसंत दिसणं अवघड. भुंगेरे, सुरवंट, गांडुळं शोधत तो रात्रीत किलोमीटर-दीड किलोमीटर हिंडतो. म्हणजे हिंडायचा. आपण कुंपणावरून उडी मारता, त्याला खालून जावं लागतं, आणि आमच्या गल्लीत नव्या कुंपणांच्या तळाशी काँक्रीटची फळी बसली आहे. कुंपणाला १३ सेंटीमीटरचं भोक ठेवा, म्हणून इथल्या दोन संस्था २०११पासून घसा कोरडा करताहेत. आपल्या झडपेसाठी चांगल्या दाराला भगदाड पाडणारे आपले यजमान कुंपणाच्या भोकाचं नाव काढलं की म्हणतात, घराची किंमत पडेल! त्यांच्या अंगणात आता प्लॅस्टिकचं हिरवळ-जाजम आहे. त्याखाली गांडूळ कुठून येणार?

तेव्हा बशीवरचा माझा दावा मी निम्मा मागे घेते. आठवड्यातून एकदा खोक्याबाहेर आपलंही पान मांडीन. बदल्यात आपण यजमानांच्या मांडीवर बसून, योग्य वेळ पाहून, नखं किंचित बाहेर काढून भोकाचा विषय छेडावा. आमचं कोणी ऐकत नाही. आपण पहाटे चारला ओरडलात तरी लोक उठून डबा फोडतात.

कळावे,
आपली शेजारीण

प्रत रवाना :
१) श्री. लॅरी, मुख्य मूषकसंहारक (नेमणूक २०११), १० डाउनिंग स्ट्रीट, लंडन – माहितीसाठी.
२) काँक्रीटच्या फळीवाले सर्व शेजारी – आवश्यक कार्यवाहीसाठी. करवत माझ्याकडे आहे, फळीसाठी छिन्नी लागेल.