मावशींचा गट नंबर 1064

तलाठी मावशी कापडबाजारात शिरल्या की दुकानदार आधी चहा सांगतो, मग साड्या काढतो. पदराचं टोक ओलं करून बोटाने घासायचं, रंग सुटतो का बघायचं, मीटरपट्टी शेवटाला झिजलीय का तपासायची आणि बिलावरचा जीएसटी नंबर मोठ्याने वाचायचा, एवढं झाल्याशिवाय त्या भावाला हात घालत नाहीत. पारनेर, पाथर्डी, शेवगाव अशी जन्मभर दप्तरं सांभाळून त्या सावेडीत आमच्या शेजारी राहायला आल्या. मधल्या काळात नगरचं अहिल्यानगर झालं, तलाठ्याचंही सरकारने ‘ग्राम महसूल अधिकारी’ करून टाकलं. पण भाजीवालीपासून बँकेच्या शिपायापर्यंत सगळ्यांच्या तोंडी त्या अजून तलाठी मावशीच आहेत.

या चौकस स्वभावाचं मूळ त्यांच्या नोकरीत नसून कातडीत आहे, असं माझं मत. रंग सावळा, तुकतुकीत. पण ती कातडी म्हणजे जिता सातबारा. आषाढात डास चावला तर त्याची काळी नोंद दिवाळीपर्यंत कायम. कुकरची वाफ, चपलेचा अंगठा, बाळंतपणात गालावर आलेलं वांग, सगळे फेरफार मंजूर आणि कमी करायला केलेले अर्ज प्रलंबित. कातडीला जरा कुठे इजा झाली, सूज आली की ती बरी होताना रंग जास्तीचा सोडून जाते, हे त्यांना कुठल्याही डॉक्टरच्या आधी कळलेलं होतं. म्हणून ब्लीच, वॅक्स, उटणं, कशालाही त्या आधी कोपरापाशी चार बोटं जागा देतात आणि वाट बघतात.

भाचीची कातडी मावशीवर गेलेली. ती राहुरीला कृषी विद्यापीठात शिकते आणि निम्मा दिवस प्रक्षेत्रावर उन्हात असते. हनुवटीवर राठ केस येतात, म्हणून दर आठवड्याला पार्लरमध्ये थ्रेडिंग. त्यातून आत वाढणारे केस, पुळ्या आणि पुळ्यांमागे डाग. लग्न ठरलं तसं तिने लेझर करायचं मनावर घेतलं. मावशी म्हणाल्या, “कर ना. मी नुसती सोबत येऊन बसते.” मावशी नुसत्या बसल्याचं आजवर कुणी पाहिलेलं नाही. काहीतरी बघायला मिळेल म्हणून मीही गेले.

पहिलं सेंटर चकाचक. काउंटरवरच्या मुलीने कार्ड पुढे केलं: आठ सिटिंग, लाइफटाइम गॅरंटी.

“कुणाच्या लाइफटाइमची?” मावशींनी विचारलं. “हिच्या, का तुमच्या दुकानाच्या?”

मुलगी हसली. ते हसणं लवकर थांबलं, कारण पुढचा प्रश्न मशीन कोणतं आणि त्याची तरंगलांबी किती हा होता. मावशींनी घरी अभ्यास केला होता. त्यांच्या डायरीत तीन ओळी होत्या: ‘755, गोऱ्यांचा. 810, मधला. 1064, आपला.’ हे नॅनोमीटर आहेत, पण त्या ते गट नंबरासारखे म्हणतात. मुलगी म्हणाली, “मॅडम, आमचं मशीन इम्पोर्टेड आहे.” मावशींनी ट्रेमधला गॉगल उचलला, चष्मा कपाळावर चढवला आणि काचेवरची बारीक अक्षरं वाचली. लेझरच्या गॉगलवर तो कुठल्या तरंगलांबीपासून डोळा वाचवतो ते छापलेलं असतं, हे मला त्या दिवशी कळलं. मशीनवर एक आकडा, गॉगलवर दुसराच.

“हद्दी जुळत नाहीत,” मावशी म्हणाल्या आणि चपला घालू लागल्या. भाची जिन्यापर्यंत “मावशी, बास ना गं” म्हणत होती.

दुसऱ्या दवाखान्यातल्या त्वचारोगाच्या डॉक्टरबाई तरुण होत्या आणि चिवट निघाल्या. मावशींनी विचारलं, “लेझरला केस ओळखू कसा येतो?” बाईंनी कागद ओढून चित्र काढलं. लेझरचा उजेड काळा रंग शोधतो. केसातलं मेलॅनिन तो उजेड पितं, तापतं आणि ती धग मुळापर्यंत जाऊन मूळ जाळते. नेमक्या रंगावर नेमका उजेड थोडाच वेळ सोडला की शेजारचं काही जळत नाही, हे तत्त्व अँडरसन आणि पॅरिश या दोघांनी 1983 साली मांडलं.

“शेजारचं जळत नाही ते गोऱ्यांच्यात,” मावशी म्हणाल्या. “आमच्यात केस काळा न् कातडीही सावळी. त्याने मालक ओळखायचा कसा?”

बाईंनी पेन खाली ठेवलं. बरोबर हाच घोळ असतो, म्हणाल्या. वरच्या कातडीतलं मेलॅनिनही तो उजेड पितं. भाजतं, फोड येतात आणि मग महिनोन् महिने डाग. 1064 चा एनडी-याग लेझर मेलॅनिनमध्ये कमी अडकतो आणि खोल उतरतो, म्हणून सावळ्यांना तो सगळ्यांत सुरक्षित. 810 चा डायोडही चालतो, पण ताकद बेताची, झोत लांबवलेला आणि कातडी सतत गार ठेवलेली हवी. मावशींनी डायरीत ‘मधला’च्या पुढे ‘सशर्त’ असं लिहिलं.

मग निघाली कातड्यांची प्रतवारी. ऊन लागल्यावर भाजते का काळवंडते यावरून फिट्झपॅट्रिक नावाच्या अमेरिकन डॉक्टरने 1975 मध्ये प्रकार पाडले. सुरुवातीला चारच होते, गोऱ्या कातडीचे. सावळ्या आणि काळ्या कातडीचे पाचवा, सहावा नंतर जोडले.

“म्हणजे आमची नोंद मागाहून घातली,” मावशी म्हणाल्या. “घालतात. सगळीकडे तसंच असतं.”

खरी मजा पुढे होती. बाईंनी विचारलं, चेहऱ्याला काय लावतेस? भाची म्हणाली, काही नाही. मावशींनी तिची पर्स टेबलावर उलटी केली आणि पंचनामा सुरू झाला. लिपस्टिक, पिना, एसटीची तिकिटं आणि पिळून चपटी झालेली एक ट्यूब. मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेली, ‘गोरं होण्याची’. बाईंनी मागची अक्षरं वाचली: स्टेरॉइड. असली बरीच मलमं चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम केंद्राने 2018 मध्ये केला. तो नियम त्या ट्यूबला कुणी सांगितलेला दिसत नव्हता. स्टेरॉइडने कातडी पातळ होते, लाल पडते, पुळ्या येतात आणि, बाई थांबून म्हणाल्या, चेहऱ्यावर केसही वाढतात.

मावशी बराच वेळ भाचीकडे बघत राहिल्या. “पेरणी पण तूच करायचीस आणि कापणीला मजूर पण तूच लावायचेस?”

ट्यूब एकदम बंद करायची नाही, बाई सांगतील तशी सोडवायची, असं ठरलं. पाळी अनियमित म्हणून पीसीओएसची तपासणी लिहून दिली, कारण हार्मोनची गडबड तशीच राहिली तर लेझरने कितीही काढा, केस फिरून येतात. थ्रेडिंग, वॅक्सिंग, चिमटा महिनाभर आधीपासून बंद. मूळच उपटलं तर लेझरने जाळायचं काय? फार वाटलं तर रेझर फिरवायचा. रेझरने केस जाड होतात ही आपल्या बायकांची श्रद्धा बाईंनी एका वाक्यात निकालात काढली, पण मावशींच्या चेहऱ्यावरून ती फेरचौकशीला ठेवलेली दिसली. प्रक्षेत्रावर जाताना सनस्क्रीन, टोपी, स्टोल. रापलेल्या चेहऱ्यावर लेझर नाही म्हणजे नाही. गालावरच्या बारीक लवेला हात लावायचा नाही. आपल्याकडच्या बायकांत तिथे लेझर मारल्यावर लव उलट दाट झाल्याची उदाहरणं आहेत.

“आणि पैसेवारी किती धरायची?” मावशींनी विचारलं. बाई गोंधळल्या. भाचीने उलगडून सांगितलं: पीक किती येईल, म्हणजे केस किती जातील. बाई म्हणाल्या, कायमचे साफ होतील असं कुणी सांगितलं तर उठून जा. अमेरिकेतलं औषध खातंसुद्धा ‘कायमची घट’ एवढंच म्हणू देतं. चार-सहा आठवड्यांच्या अंतराने सहा-आठ वेळा यावं लागेल, कारण एका वेळी वाढीला लागलेलेच केस मरतात. पुढेही अधूनमधून डागडुजी. मावशी खूश झाल्या. हातचं राखून बोलणारा माणूस त्यांना पहिल्यांदा भेटला असावा.

जबड्याखाली, पटकन दिसणार नाही अशा ठिकाणी, पॅच टेस्ट झाली. गॉगल मावशींनी वाचून पास केला. जेल, गारवा, रबर ताणून सोडल्यासारखे दोन-चार चटके, जळक्या केसाचा वास. पुढचे दिवस मावशी रोज सकाळी भाचीला व्हिडिओ कॉल करून हनुवटी वर करायला लावत. वसतिगृहातल्या मुलींना वाटलं, ही काहीतरी गावाकडची उपासना. डाग सावळ्या कातडीवर उशिरा उठतो म्हणून मावशींनी महिनाभर थांबायला लावलं. गुरुजींनी मार्गशीर्षातला मुहूर्त काढला होता, तो त्यांनी सिटिंगा मोजून वैशाखात ढकलला. गुरुजी म्हणाले, गुरुबळ बघावं लागेल. मावशी म्हणाल्या, “बघा की. डाग पडला तर गुरुबळ काय करणार?” व्याही मंडळींना कारण सांगितलं नाही, ‘दप्तरी कामामुळे’ एवढंच कळवलं.

परवा तिसऱ्या सिटिंगला भाची आत गेल्यावर मावशींनी हळूच स्वतःची हनुवटी बाईंपुढे केली. तिथे थोडे पांढरे केस आहेत, ताठ, कित्येक वर्षांचे. बाईंनी भिंग लावलं आणि मान हलवली. पांढऱ्या केसात रंगच नाही, लेझरला ते दिसतच नाहीत.

“दिसत नाहीत?” मावशी उखडल्या. “जन्मभर अतिक्रमणं शोधली मी, आणि बिननोंदीची वस्ती माझ्याच हनुवटीवर?”

बाई म्हणाल्या, यावर इलेक्ट्रोलिसिस असतं. एकेका केसाच्या मुळाशी बारीक सुई घालून वीज सोडतात. केसाचा रंग कुठलाही असो. तुमच्या कातडीला त्यानेही डाग पडू शकतो मात्र.

मावशींनी चष्मा कपाळावर चढवला, डायरीचं कोरं पान काढलं आणि म्हणाल्या, “हं. सुई कितव्या नंबरची?”